अठरा फर्मे

…नाही, तयार नाहीत. एकही नाही. त्या स्टुलावर बसू नका, खळ सांडलीय — इकडे बसा. मंत्र्यांचे सचिव म्हणून उभं राहायचं कारण नाही, इथं सगळेच बसतात. मंत्रीसुद्धा याच बाकावर बसायचे — तेव्हा मंत्री नव्हते, कायद्याच्या कॉलेजात शिकवायचे. मी त्यांना मास्तर म्हणतो. अजूनही. तुम्हाला खटकलं तर खटकू द्या.

शुक्रवारी समारंभ आहे, ठाऊक आहे मला. दोनशे प्रती, कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. पण छापखान्यातून कागद आले आणि मी थांबलो. का? मोजले म्हणून. सोळा पानांची एक घडी असते, तिला आम्ही फर्मा म्हणतो. मास्तरांचं हे पुस्तक मी तीनदा बांधलंय — एकोणीस फर्मे, माझ्या बोटांना पाठ आहेत. या खेपेला अठराच. मला वाटलं, छापखान्याची चूक. निरोप धाडला, तर म्हणाले, बरोबर आहे, साहेबांनीच एक प्रकरण काढलंय. कुठलं ते विचारलं नाही मी. चाळून बघितलं आणि कळलं.

ते प्रकरण या खोलीत झालंय. हसू नका. मी चौथी शिकलो — म्हणूनच तर. मास्तर संध्याकाळी यायचे, मी शिवत बसायचो, ते लिहिलेलं वाचून दाखवायचे. कळलं का, बाइंडर? नाही कळलं तर नाही म्हणायचो, आणि ते वाक्य खोडायचे. आठ-आठ वेळा खोडायचे. कॉलेजात कुणाची टाप नव्हती त्यांना चुकलं म्हणायची. तर हे धरलेल्या माणसाचं प्रकरण. पोलिसांनी माणूस धरला की दुसऱ्या दिवशी न्यायाधीशापुढे उभा करायचा, का धरला ते लिहून द्यायचं. मी विचारलं, आणि नाही केला उभा तर? ते कलमं सांगायला लागले. मी म्हटलं, एवढं कशाला — मग त्याला धरला नाही, पळवला म्हणा. कलमं खोडली. आणि तेच लिहिलं. पुस्तकात आहे ते — होतं. पुढं मोठमोठ्या वकिलांनी कोर्टात म्हणून दाखवलं, मास्तरांचं वाक्य म्हणून. मी कधी बोललो नाही. बोलायचं काय त्यात.

मंत्री झाले तेव्हा बरंच वाटलं. आधी कुठल्याशा समितीवर गेले, मग सरकारचे सल्लागार, मग कायदामंत्री. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून पहिल्या वर्षी चालत आले. दुसऱ्या वर्षी फोन. मग तुम्ही. आणि यंदा तो नवा कायदा — धरलेल्याला सहा महिने कोर्टापुढे आणायचं कारण नाही म्हणणारा. सभागृहात मांडला कुणी? त्यांनीच. रेडिओवर ऐकलं मी. आवाज तोच. वाक्य एक कळलं नाही.

माझ्या मुलाचं तुम्हाला माहीतच आहे. शाळेत शिकवतो तो. पत्रक काढलं — काय होतं त्यात? पुस्तकातलं ते वाक्य, खाली मास्तरांचं नाव. एवढंच. पोलीस दारात आले तेव्हा तो घरी नव्हता, आत्याकडे लपला होता. मी मास्तरांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारात काही मागायला. तीन तास बाहेर बसवलं — तुम्हीच बसवलं, विसरलो नाही मी. आत गेलो तर मास्तर उठून उभे राहिले, बाईंना चहा सांगितला. म्हणाले, "त्याला आपण होऊन येऊ दे, बाइंडर. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशापुढे उभा राहील. माझा शब्द आहे." त्यांचे शब्द मी तीस वर्षं शिवत आलो, शंका कुठून घेणार? बहिणीकडे मीच गेलो. मुलगा म्हणत होता, बाबा, ते मास्तर आता राहिले नाहीत. मी दरडावलं त्याला — ज्याच्या पुस्तकावर एवढ्या उड्या मारतोस, त्याच्यावर भरवसा नाही तुझा? उठला. चपला घातल्या. ठाण्याच्या पायरीपर्यंत मी स्वतः —

हे तुम्हाला का सांगतोय मी? कुणाला बोललो नाही. बहिणीला शपथ घातलीय. घरात वाटतं, शेजाऱ्यानं चुगली केली. त्या माणसाशी माझी सून बोलत नाही, समोर आला तर तोंड फिरवते — आणि मी बघत बसतो. त्याला आत जाऊन आज त्र्याहत्तर दिवस झाले.

हा काय कागद? थांबा, मला वाचायला वेळ लागतो… म्हणजे त्यानं सही करायची. चुकलो म्हणायचं, बरोबरच्यांची नावं द्यायची — की सुटला. दोनदा नाही म्हणालाय, म्हणून आता बापानं न्यायचा. गुरुवारी भेट मिळेल, पण हातात हा कागद असेल तरच. हे तुम्हाला सुचलं का मास्तरांना? … वाटलंच. तो माझं ऐकतो हे त्यांनाच ठाऊक.

त्याला बघावंसं वाटतं. फार वाटतं. त्याला दमा आहे, औषध देतात की नाही कोण जाणे. पण एकदा माझ्या सांगण्यावरून उठला तो. दुसऱ्यांदा मी ऊठ म्हणणार नाही. उचला कागद. आणि ते गठ्ठेही गाडीत घाला. शहरात आणखी चार बाइंडर आहेत, दोघांना काम येतं. त्यांच्याकडे जा.

तिकडे काय बघताय? जिन्याचं दार तर —

सूनबाई. कधीपासून उभी आहेस तू?

…बरं. ऐकलंस ते बरं झालं.

नाही, साहेब, हात मागे घ्या. तिनं उचललाय तो कागद, तिच्याकडेच राहू द्या. नवरा तिचा आहे. गुरुवारी कोण जाईल, काय घेऊन जाईल, ते आता ती — तुम्ही निघा. निघा म्हटलं ना.