अण्णांची मोटर

...आणि वर मलाच विचारतात, "सूनबाई, हे वॉशर उरलं कसं?" आता काय सांगू मी? खोक्यातून जे जे निघालं ते सगळं सायकलीत कोंबलं, तरी उरलं, तर त्याचा जाब मी द्यायचा? मी काय त्या वॉशरची आई आहे? नाही, तुम्हीच सांगा! ...थांबा, जरा श्वास घेते. अशी मधूनच सुरुवात केली तर तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. फिरलेलंच आहे हो, पण कशानं फिरलं ते तर ऐका.

अण्णा म्हणजे आमचे सासरे. पाणीपुरवठ्यात होते, उभा जन्म गावाचे व्हॉल्व्ह उघडण्यात नि बंद करण्यात गेला. आता गुडघे गेलेत, पण रग? ती तशीच. त्यांची एक घडीची सायकल आहे, बॅटरीवर चालणारी. घडीची कशाला, तर खाली सायकल ठेवली की वॉचमन खेकसतो, आणि आमची लिफ्ट म्हणजे नुसतं उभं कपाट, त्यात माणूससुद्धा तिरका मावतो. म्हणून ही सायकल मधून मोडायची, बगलेला लावायची आणि वर आणायची. रोज दुपारी जेवलं की अण्णा तिच्यावर बसून टेकडीपलीकडे जायचे, थोरल्या बहिणीकडे. आक्का तिथल्या वृद्धाश्रमात राहायच्या, आम्ही नको नको म्हणत असताना, स्वतःच्या हट्टानं, का तर कुणाला आपलं ओझं नको. मग दोघं तिथं पत्ते कुटायचे, कडाकडा भांडायचे, आणि संध्याकाळी अण्णा घरी येऊन सांगायचे, "म्हातारी लबाड आहे, उद्या जाणारच नाही!" आणि दुसऱ्या दिवशी पानावरून उठायच्या आधीच टोपी डोक्यावर!

आणि एके दिवशी चढावर सायकलीतून निघाला धूर. पुढच्या चाकाच्या मधोमध ती डब्यासारखी मोटर असते ना, ती जळाली. अण्णा सायकल ढकलत घरी आले, ती कोपऱ्यात उभी केली आणि सोफ्यावर बसले. बसले ते बसलेच! म्हटलं, अण्णा, टॅक्सीनं जा. "मी काय पार्सल आहे?" बरं, बसनं जा. "त्या बसची पायरी चढायला आधी शिडी आण!"

आता तुम्ही म्हणाल, म्हातारं माणूस घरात बसलं, त्यात काय एवढं?

त्यात काय एवढं? अहो, मी घरातूनच काम करते! कपडे धुवायच्या मशीनची हेल्पलाइन. सोफ्याच्या पाठीला लागून माझं टेबल, कानाला हेडफोन, तोंडात साखर. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" पलीकडून बाई रडकुंडीला आलेली, "मशीन फार हलतंय हो!" मी म्हणतेय, "मॅडम, आपण आधी प्लग काढा, शांतपणे दहा मोजा..." आणि मागून आवाज, "पायाखाली पुठ्ठा घाल म्हणावं!" ती बाई विचारते, "कोण बोललं?" मी म्हणते, कुणी नाही. "कुणी नाही काय? मी बोललो! आणि दहा मोजून काय होतं? मशीन काय लपाछपी खेळतंय?"

आमच्या सुपरवायझर मॅडम, आवाज असा की फ्रीजचं दार उघडल्यासारखं वाटावं, त्यांचा फोन आला. "तुमच्या कॉल्सवर एक पुरुष आहे." म्हटलं, सासरे आहेत. "ते ग्राहकांना आपलं मशीन विकून टाका असं सांगतायत. पुन्हा ऐकू आलं तर मला विचार करावा लागेल." आता ह्या बाई विचार करतात म्हणजे माणूस घरी बसतो. मी तर आधीच घरी बसलेय, मी आणखी कुठं बसू?

पण खरं सांगू? ओरडणारे अण्णा परवडले. गप्प अण्णा बघवत नाहीत. दुपारी आक्कांचा फोन यायचा, आणि हे काय सांगायचे? "आज जरा कंटाळा आलाय." दुसऱ्या दिवशी "पाहुणे यायचेत." तिसऱ्या दिवशी "ऊन फार आहे." बाहेर आभाळ भरून आलेलं! सायकल जळाली हे काही सांगवेना. मग फोन ठेवून एकटेच पत्ते मांडायचे, सोफ्यावर. तेही धड नाही, दोन डाव झाले की गोळा करून ठेवायचे.

मग काय, मी पदर खोचला. सायकल विकणारं दुकान गाठलं, तर तिथं आता नखं रंगवून देतात. दुसरे तीन दुकानवाले सायकल बघायचे, तिची घडी बघायचे आणि हात जोडायचे. शेवटी एकानं फोनवर सांगितलं, मोटरचा नवा संच मिळतो, चाकासकट, मागवा आणि घरीच लावा. "जुनं चाक काढायचं, नवं घालायचं. त्यात काय एवढं, मॅडम!"

खोकं आलं. उघडलं. अहो, चाक एक आणि वायरी शंभर! जणू कुणी ऑक्टोपस घडी करून पाठवलाय. आमचे हे कामासाठी बाहेरगावी, ते व्हिडिओवर. "दाखव, दाखव... हां, त्यात काय एवढं, लाल वायर लालला लाव." म्हटलं, इकडे लाल एक आहे आणि तिकडे सगळ्या पिवळ्या. "मग पिवळी लालला लाव." म्हटलं, कुठली पिवळी? तर चित्र थबकलं! तोंड उघडं, बोट वर, असा नवरा पडद्यावर अडकून बसला. आणि गंमत बघा, तशाच अवतारात तो मला जास्त समजूतदार वाटला.

सायकल उलटी करून सोफ्यावर ठेवली. जुनं चाक काढलं, नवं लावायला गेलो, तर जाईना. पुढच्या चिमट्याची खाच बारीक, चाकाचा दांडा जाड. अण्णांनी माळ्यावरून कानस काढली. "जरासं घासतो. मी गावाचं पाणी सोडलंय, हे तर एक चाक!" इकडे मी फोनवर, "हो सर, मशीनचा आवाज कसा येतोय?" आणि मागून खर्रर्र, खर्रर्र! तो माणूस म्हणाला, "अगदी अस्साच येतोय, बाई!"

चाक गेलं एकदाचं. वायरी जिथं जिथं घुसतील तिथं तिथं घुसवल्या. बटण दाबलं. ढिम्म. संच विकणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून गोड आवाज, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते? मॅडम, आपण आधी बॅटरी काढा, शांतपणे दहा मोजा..." माझ्या अंगावर काटा आला हो! कारण आम्हाला शिकवलेलंच असतं, आपल्याला काहीच कळलं नाही की समोरच्याला मोजायला लावायचं! पण मोजले मी. अण्णांनीपण मोजले. बॅटरी परत लावली... आणि दिवा लागला!

अण्णा पोरासारखे हसले. सायकल बाहेरच्या पॅसेजमध्ये नेली, टोपी घातली, वर बसले, ॲक्सिलरेटर पिळला... आणि गेले. मागे! अहो, मागे! तोंड माझ्याकडे, चेहऱ्यावर हसू अजून तसंच, आणि माणूस लांब लांब चाललाय, पायाखाली पॅडल उलटी फिरतायत, मी ओरडतेय "ब्रेक! ब्रेक!", ते ओरडतायत "पुढे कुठाय? पुढे कुठाय?", आणि जाऊन धडकले समोरच्या शेजारीणबाईंच्या दारावर. दार उघडलं. बाई अण्णांच्या पाठीकडे बघतायत. अण्णा मान न वळवता म्हणतात, "सहज आलो होतो."

त्यानंतर काय काय केलं नाही? वायरी बदलल्या, तर चाक थरथरायला लागलं. परत बदलल्या, तर परत मागे. परत एकदा, तर भोंगा वाजायला लागला, तो थांबेना. शेजारीणबाई आता दार उघडतच नव्हत्या. माझ्या हाताला ग्रीस, हेडफोनला ग्रीस, मॅडमचे निरोपावर निरोप, आणि त्यात अण्णा शांतपणे म्हणाले, "राहू दे, बाळ. आक्काला सांगून टाकतो, मला आता नाही जमत म्हणून."

बाळ म्हणाले मला. लग्न होऊन आले तेव्हा म्हणायचे, त्यानंतर आत्ता.

फोन लावला त्यांनी. तिकडून आक्कांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "का रे, मेलास की काय?" अण्णा म्हणाले, "नाही... ते... तू कशी आहेस?" "मी मजेत. तू नको येऊस एवढ्या उन्हाचा." मग आक्का म्हणाल्या, "इथं कुणाला पत्तेच खेळता येत नाहीत रे. लबाडी केली तर कळतसुद्धा नाही मेल्यांना." अण्णांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. सांगितलं काहीच नाही.

तेवढ्यात माझ्या कानात कॉल आला. मी सवयीनं उचलला, "नमस्कार, मी आपली काय..." आणि चक्क रडले! रेकॉर्डिंग चालू! पलीकडे कुणी गिरणीवाल्या मावशी होत्या, त्यांचं मशीन पाणी गळत होतं, त्या म्हणाल्या, "अगं, काय झालं?" आणि मी सगळं सांगितलं. सासरे, बहीण, मोटर, मागे मागे जाणारी सायकल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उलटं फिरतंय ना? मग चाक काढून उलटं बसव की. त्यात काय एवढं?"

चाक! आम्ही दोन दिवस वायरी उलट्यासुलट्या करत होतो, आणि चाकच डावं-उजवं लागलं होतं! काढलं, फिरवलं, बसवलं, ते उरलेलं वॉशरही बरोबर जागेवर बसलं, अण्णांनी ॲक्सिलरेटर पिळला... पुढे! शेजारीणबाईंच्या दाराकडे पाठ करून थेट लिफ्टपर्यंत! आणि तिथं लक्षात आलं, वायरी मी इतक्या घट्ट आवळून बांधल्यात की सायकलीची घडीच होत नाही. अण्णा म्हणाले, आता थांबणार नाही. सायकल मागच्या चाकावर उभी केली, घोड्यासारखी, तिला मिठी मारली आणि लिफ्टचं दार लावून घेतलं.

घरात शांतता. अहाहा! मी कानाला हेडफोन लावला, तोंडात साखर आणली. मावशींना फोन करून त्यांचं गळणंही थांबवलं. मॅडमही बदलल्या, म्हणाल्या, त्या ग्राहकबाईंनी तुमची फार स्तुती केलीय. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात अण्णा. टोपी तिरपी, छाती पुढे. "सूनबाई, काय मोटर आहे! जुनीच्या दुप्पट ओढते! चढावर डबलसीट आणली!" आणि मागून, उशी काखेत, पिशवी हातात, काडीसारख्या आक्का. "ह्यानं सांगितलं तू किती खपलीस ते. म्हटलं, अशी सून असेल तर ओझं झालं तरी चालेल."

ह्याला महिना होत आला. दोघं सोफ्यावर असतात, माझ्या पाठीला पाठ लावून. पत्ते, भांडणं, आरडाओरडा, आणि कॉल आला की दोघांचे सल्ले एकदम. मी मॅडमच्या फोनची वाट बघत होते. आला परवा. म्हणाल्या, "ग्राहकांचा आग्रह आहे, की तुम्ही राहू द्या, फोन त्या मागच्या आजींना द्या."

दिला हेडफोन. आक्का बोलतात, अण्णा दुरुस्त करतात... आणि मी? मी चहा नेऊन देते. तोही त्यांच्या सुट्टीत.