सदतीस ओळी

नाही नाही, बंद नका करू ते — सिस्टर, आधी माउसवरचा हात काढा. हं. आता बसा. वर फाइलच्या नावापुढे ती बारीक चांदणी दिसतेय? ती दिसतेय तोवर समजायचं, तुम्ही लिहिलंय ते फक्त मशीनच्या डोक्यात आहे, डिस्कवर काही उतरलेलं नाही. सकाळी दहाला बसलात ना तुम्ही? आता सव्वातीन होतायत — म्हणजे सव्वापाच तासांचं काम नुसतं अधांतरी लटकलंय. घाबरू नका, मी आहे. बारा वर्षं हेच करतोय मी या लकव्याच्या केंद्रात, कुणाची फाइल अडली की 'आकडेवाल्याला बोलवा' — डॉक्टरबाईंपासून वॉचमनपर्यंत कुणी मला नावाने हाक मारलेली आठवत नाही. काय म्हणतंय ते? 'फाइल सेव्ह करता येत नाही.' बस, एवढंच. का येत नाही ते नाही सांगणार. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, लोक नावं ठेवतात, पण धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत — आणि खरं सांगू का, गाय चांगली आहे हो. बारा वर्षांत तिने आपणहून एकदाही दगा दिला नाही. जो काही झाला तो — जाऊ दे. क्रमाने बघू आपण.

पहिलं, नाव. तुम्ही नावात तारीख घातलीत आणि मध्ये तिरक्या रेघा दिल्यात, त्या चालत नाहीत. काढल्या. करा आता सेव्ह. नाही? बरं. दुसरं, या सॉफ्टवेअरला दोन खिडक्या असतात, एकीत आपल्या नोंदी, दुसरीत निकालाचे तक्ते — निम्मे लोक तक्ते सेव्ह करतात आणि खुशाल घरी जातात, दुसऱ्या दिवशी बघतात तर तक्ता जाग्यावर, नोंदी गायब. तुम्ही मात्र बरोबर खिडकीत आहात. तिसरं, डिस्क भरलीय का — छे, भरपूर जागा आहे. चौथं, हीच फाइल दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडी राहिलीय का — तेही नाही. पेनड्राइव्ह नाही चालायचा इथे, ती भोकं मीच बंद करून ठेवलीत, पेशंटांची माहिती असते ना. या मशीनवर सेव्ह करायला एकच फोल्डर आहे, बाकी सगळीकडे मज्जाव — तोही मीच केलेला, आणि सेव्ह झाल्याशिवाय छापताही येत नाही. मीटिंग चारला ना? वर, समितीच्या खोलीत? म्हणजे पाऊण तास — नाही, चाळीस मिनिटं. आहे वेळ. एक करता का, बाहेरच्या फिल्टरमधून मला जरा पाणी आणून देता? घसा कोरडा पडलाय. मी इथेच आहे, तोवर बघून ठेवतो.

आणलंत? ठेवा तिथे. पितो नंतर. — नाही, अजून नाही झालं. तुम्ही गेलात तेवढ्यात मी जरा वाचत बसलो, हा शेवटचा रकाना, शेऱ्यांचा. तुमचे शेरे म्हणजे — बाकीच्या सिस्टर लिहितात 'प्रगती समाधानकारक', आणि तुम्ही लिहिता, 'आज शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं, खालचं लावू दिलं नाही मला.' 'जेवताना चमचा पडला तर हसले, मागच्या खेपेला रडले होते.' आणि तो शिंपी — 'कात्री हातात दिली, कापड नाही कापता आलं, पण कात्री दहा मिनिटं खाली ठेवली नाही.' ही ओळ मला पाठच आहे. पाठ म्हणजे — आधी वाचलेली ना. नाही, आज नाही. आज कशी वाचेन, तुम्ही आत्ता तर टाइप केलीत. वर्षापूर्वी तुमचे फॉर्म आले ते मीच मशीनमध्ये भरले होते, तेव्हा. सगळे भरले. एकशे पंचावन्न फॉर्म, एकही सोडला नाही, तुमच्या अक्षरासकट — ते अक्षर वाचायचं म्हणजे सुद्धा एक उपचारच आहे, राग मानू नका.

मग ते गेले कुठे? हो. हेच विचारणार तुम्ही. कुणीही विचारेल.

बसा ना. उभ्या राहिलात की मला सुचत नाही. सांगतो. डॉक्टरबाईंना घाईने एक तक्ता हवा होता — पहिलं मोजमाप आणि तीन महिन्यांनंतरचं, मुठीची ताकद, किती वाढली, एवढंच. दुसरं मोजमाप इथल्या यंत्रावर, केंद्रात येऊन. आता जो घराबाहेर पडू शकत नाही तो केंद्रात कसा येणार — त्याचा रकाना रिकामा. म्हणून मी मशीनला सांगितलं, ज्यांची दोन्ही मोजमापं आहेत तेवढेच घे. तिथे दोन पर्याय येतात, एक म्हणजे बाकीच्यांना तात्पुरतं बाजूला ठेव, दुसरा म्हणजे बाकीच्यांना काढून टाक. एकाखाली एक, अगदी चिकटून. मी दुसऱ्यावर टिचकी मारली. मुद्दाम नाही हो, शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही. तक्ता झाला, छान झाला, आणि सवयीने सेव्ह केलं — त्याच फाइलवर, त्याच नावाने. मशीनने विचारलं, 'जुनी फाइल बदलू का?' मी म्हटलं, बदल. साऱ्या जगाला सांगत फिरतो, दोन प्रती ठेवा, दोन प्रती ठेवा — स्वतःची एक. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर खाली आकडा एकशे अठरा. पुन्हा पुन्हा मोजलं मी, जसं काही मोजून वाढणार होते. सदतीस माणसं गेली. फॉर्मचे कागद तर आदल्या आठवड्यातच यंत्रात घालून कापले होते, नियमच आहे तसा, नोंद झाली की रजिस्टरात आकडा लिहून कापायचे.

चूक कुणाच्या हातून होत नाही — हे मीच मला रोज सांगतो. पण त्याच दिवशी दुपारी डॉक्टरबाई तक्ता घेऊन माझ्या जुन्या खोलीत आल्या, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीवर बसल्या, म्हणाल्या, "काय सुंदर निकाल आलाय, शंभरात ब्याऐंशी सुधारले. यात सगळे आलेत ना?" एवढंच विचारलं त्यांनी. आणि मी म्हटलं, "सगळे, मॅडम." ते चुकून नव्हतं. तेव्हा मला माहीत होतं. जीभ टाळ्याला लागायला किती वेळ लागतो. मग तो तक्ता वर गेला, वरच्यांनी त्याचा अर्थ काढला — पेशंट आपल्या पायांनी येतात, बरे होतात, मग घरोघर नर्स कशाला फिरवायची? सहा महिने घरभेटी थांबवून बघू. तुम्हाला फाइलींच्या टेबलावर बसवलं. मला ही खोली मिळाली, खिडकीची. कौतुकाचं पत्रही मिळालं, ते मी घरी नेलं नाही, खणात आहे. बायको विचारते, खोली मिळाली तर आनंद का नाही तुम्हाला. काय सांगू तिला?

आणि तो शिंपी माझ्याच रस्त्यावर राहतो. तुम्हाला माहीत नसेल. जाता-येता गॅलरीत बसलेला दिसायचा, मांडीवर कापडाची चिंधी घेऊन. घरभेटी थांबल्यावर दोन-अडीच महिन्यांत हात पुन्हा आत वळला त्याचा, छातीशी धरून बसायला लागला. आता मी मागच्या गल्लीने जातो. दहा मिनिटं जास्त लागतात.

हं. आज समिती घरभेटी कायमच्या बंद करणार, आणि तुम्ही तुमच्या वह्यांमधून सदतीसच्या सदतीस माणसं पुन्हा लिहून काढलीत. काल पाचला डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, "सिस्टर उद्या तुमच्या मशीनवर यादी करायला येतील, मदत करा." केली मदत. फोन ठेवला आणि फोल्डर बंद केलं. वाचता येईल, लिहिता येणार नाही, असं. म्हणजे मघापासून मी तुम्हाला नाव, डिस्क, खिडक्या — सगळं दाखवत होतो ना, मला आधीपासून माहीत होतं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. वाटलं, चार वाजतील, मीटिंग उरकेल, सुटलो. आणि पाणी आणायला पाठवलं तेव्हा — नको, तेही सांगतो. तेव्हा मी बंद करायचं बटण दाबलं होतं. मशीनने विचारलं, 'बदल सेव्ह करायचे?' बाण 'नाही'वर होता माझा. मग तो शेऱ्यांचा रकाना दिसला आणि बोट हललं नाही. चांगुलपणा नव्हे सिस्टर, नुसतं हललं नाही.

शिव्या द्या. बरं, नका देऊ. हे बघा, उघडलं फोल्डर. दाबा सेव्ह, तुम्हीच दाबा. गेली चांदणी? झालं. छापून देतो, दोन पानं होतील — घ्या, गरम आहेत. अजून बारा मिनिटं आहेत.

काय बघताय? तारीख? हो, ती आपोआप पडते, फाइल केली त्या दिवशीची. आजची. ...हं. आलं लक्षात. ते म्हणतील, सिस्टरने आपलं काम टिकवायला आज सकाळी बसून रचलीय यादी. तक्ता वर्षाचा जुना आणि यादी आजची. डॉक्टरबाईसुद्धा काय करतील? तुमच्या वह्या तुमच्याच हातच्या. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं, एकशे पंचावन्न होते म्हणून. ज्याने भरले त्याने. बरोबर आहे तुमचं. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. हे मशीन बंद करतो, जरा तोंडावर पाणी मारतो, आणि आलोच.

जा ना. आलोच म्हटलं मी.

काय हवंय? कुठलं रजिस्टर? ते कशाला — मी येताना आणतो की. माझ्याबरोबरच आणतो. ...आत्ता?

...नाही, तुमचं चुकत नाही. मीही नसता ठेवला माझ्यावर विश्वास. थांबा, खालच्या खणात आहे. हे घ्या, फॉर्म कापायला देताना यात लिहावं लागतं. मागच्या वर्षीचं पान, इथे खूण घालतो. 'एकूण फॉर्म एकशे पंचावन्न, सर्व नोंदी मशीनमध्ये भरल्या, फाइल सुरक्षित.' खाली सही माझी आहे. त्यांनी विचारलं, ही कुणाची, तर सांगा. नाव नीट लिहिलंय, वाचता येतं. मला हाक मारायला कुणाला पाठवू नका मात्र. जा आता, जिना चढायला तुम्हाला वेळ लागतो. दार ओढून घ्या.