मोहाची फुलं कोण तोडते?

तुम्ही विचारता, शिकाऊ लोकांना प्रूफ वाचायला कसं शिकवायचो? मग सुखवतीचं ऐका. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या छापखान्यात ही गोंड मुलगी बैहरकडून आली होती. मॅट्रिक झालेली, हुशार. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं, "लेखकाने लिहिलं तसंच ठेवायचं. आपण फक्त अक्षरं तपासायची."

एकदा जंगलखात्यातल्या एका निवृत्त साहेबांचं पुस्तक छपाईला आलं. प्रूफ वाचता वाचता ती थांबली.

"काकाजी, इथं लिहिलं का मोहाची फुलं झाडावरून तोडतात. कोण तोडते?"

"तुले काय करायचं? साहेबाच्या कागदात तसंच हाय ना?"

"हौ. पण तोडते कोण?"

तिने त्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह काढलंच. दुसऱ्या दिवशी साहेब आले, ते पाहून भडकले. "हे कोणी केलं?"

मला वाटलं, पोरीची नोकरी गेली. 'माझ्याच हातून झालं' असं मी म्हणणार, तेवढ्यात ती उभी राहिली.

"मी केलं, साहेब. मोह पहाटे आपोआप गळते. आम्ही खालून वेचतो. तुम्ही किती वर्षं होते जंगलात?"

"तीस."

"मग पहाटे कधी उठलेच नाही का?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मग ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "सांग बाई, आणखी काय चुकलं?"