दोन घड्याळांमधला तास

माननीय अध्यक्षीणबाई चंद्राबाई, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, महिला मंडळाच्या चालक भगिनी, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती पद्माबाई, तिचे यजमान सयाजीराव, पुढच्या सतरंजीवर बसलेल्या तिच्या सासूबाई साळूबाई, आणि सभ्य स्त्रीपुरुषहो,

मंडळाने मला ‘घराची व्यवस्था आणि वेळेचा विनियोग’ या विषयावर चार शब्द बोलायची आज्ञा केली आहे. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याला वेळेबद्दल इतरांहून अधिक कळत असणार, असा समज त्यामागे दिसतो. अध्यक्षीणबाईंनी ओळख करून देताना मी पुण्याच्या एका कारागिराच्या हाताखाली तयार झालो असे म्हटले. तेवढे दुरुस्त करून घेतो. मी कुणाच्याही हाताखाली शिकलो नाही. पहिले घड्याळ उघडले ते स्वतःचे, बिघडवले तेही स्वतःचेच, आणि ते पुन्हा चालू होईपर्यंत दुसऱ्याच्या घड्याळाला बोट लावले नाही. मोठेपणा मिरवत नाही. सभेच्या वृत्तांतात चूक जाऊ नये, इतकेच.

आता विषयाकडे. पद्माबाई बाहेरून बसून मराठी सातवीची फायनल पास झाली आणि सांगलीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू होत आहे, हे आपण सर्व जाणता. सयाजीरावांनीही कचेरीची नोकरी सोडून तिकडे हळदीच्या पेढीवर जागा धरली आहे. म्हणजे घर सगळेच निघाले. हार झाले, कौतुक झाले. पण मला सांगा, ही बाई अभ्यासाला बसली कधी, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणाला पडला का? पाणी भरणे, दळण, सयाजीरावांचा डबा, सासूबाईंचे सोपस्कार, हे सारे तिच्या एकटीच्या अंगावर. रात्री म्हणाल, तर लढाईच्या दिवसांत रॉकेल किती मिळत होते ते तुम्हाला सांगायला नको. माझे दुकान त्यांच्या दारासमोर. मला हा प्रश्न पडला, आणि मला प्रश्न पडला की त्याचे झाकण काढल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बेचाळीसच्या सप्टेंबरात सरकारने सगळ्या देशाची घड्याळे एक तास पुढे केली, ते तुम्हाला आठवत असेल. मघाशी कुणी दोन तास म्हणाले, एकच तास. सयाजीरावांनी पुढच्या सोप्यातले घड्याळ मला सांगून त्याच दिवशी पुढे करून घेतले, कारण कचेरी नव्या वेळेने भरणार. स्वयंपाकघरात दुसरे घड्याळ होते. साळूबाईंच्या यजमानांनी पलटणीतून परतताना आणलेले, लंबकाचे, ठोके देणारे. मी शिडी तिकडे वळवली तशी साळूबाई चुलीपुढून उठल्या.

“त्याला हात लावू नका, तात्या.”

“अहो, सरकारचा हुकूम आहे.”

“मालकांनी लावलेलं घड्याळ हाय ह्ये. सरकारनं न्हाई लावलेलं.”

यावर कोणता कायदा दाखवणार? मी शिडी उचलली.

साळूबाईंचे माहेर माण तालुक्यातले, मेंढरे राखणारे. आकडे त्यांना वाचता येत नाहीत. पण दोन्ही काटे वर एकावर एक आले की त्यांना तव्यावरची भाकरी लागते, आणि त्याआधी तासभर आंघोळ अन् देवाला भंडारा. हा नेम मालक असल्यापासूनचा. पूर्वी सयाजीराव कचेरीत गेले, भांडी झाली, की लगेच सासूबाईंच्या आंघोळीचे पाणी, अशी कामाला काम लागून असे. आता सयाजीराव नव्या वेळेने निघाले आणि साळूबाई जुन्या वेळेवर बसून राहिल्या. मधे एक तास मोकळा पडला. त्या तासात पद्माबाई मागच्या दारात उजेडाला पुस्तक घेऊन बसू लागली. मी दुकानातून त्यांच्या घराशेजारच्या बोळातून सरळ पाहत असे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तो तास आकाशातून पडला नव्हता. सयाजीरावांचा डबा लवकर म्हणून पद्माबाई पूर्वीपेक्षा लवकर उठत होती. तास तिच्याच झोपेतला होता. दोन घड्याळांनी केले ते एवढेच, की तो फुटून इकडे तिकडे न सांडता एका जागी सापडू लागला. वेळेच्या विनियोगावर मला जे ठाऊक आहे ते सगळे एवढ्यात आले.

पण सापडलेला तास टिकायला हवा ना? सुरुवातीला तो टिकत नव्हता. पद्माबाई पान उघडते न उघडते तोच आतून हाक येई. “पद्मे, माजी पानाची चंची कुटं हाय?” ती उठे, देऊन येई. “पद्मे, भंडाऱ्याचा डबा?” पुन्हा उठे. साळूबाई मला पाहून हात करताहेत, पुरे म्हणून. साळूबाई, आता इथवर आलोय तर जाऊ द्या पुढे.

एके दिवशी पद्माबाई पुस्तक मिटून घराकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून हातोडी घेऊन गेली. काय करणार म्हणून विचारले, तर म्हणाली, “तात्या, फळ्या यांच्या उंचीच्या आहेत, आणि घरात दिवसभर असतात आत्या.” आत्या म्हणजे साळूबाई. सयाजीराव उभे राहिले की दाराची चौकट भरते, हे तुम्ही पाहतच आहात. फळ्या त्यांनी आपल्या हाताला येतील अशा ठोकल्या होत्या. साळूबाईंचा हात तिथे पोचत नव्हता, म्हणून हाक. पद्माबाईने खुंट्या काढून खाली ठोकल्या. चंची, डबा, तपेली, सगळे सासूबाईंच्या खांद्याखाली आणले. कपाट घेतले नाही, एक डबा नवा आणला नाही.

साळूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “माजी उंची काढतीस व्हय?”

“नाही आत्या, माझी पायपीट वाचवते.”

पुढे काही दिवस हाका सवयीने येत राहिल्या, पण उत्तरही आतूनच येई. “पद्मे, चंची कुटं... असू दे, गावली.” मग त्याही थांबल्या. सभ्य स्त्रीपुरुषहो, घराच्या व्यवस्थेवर पुष्कळ छापून येते, मी ते वाचतोही. वस्तू कुठे शोभेल याचा विचार त्यात असतो. ती कुणाच्या हाताला लागेल, हे विचारलेले मला अजून कुठे आढळले नाही.

पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात लढाईची वेळ रद्द झाली. घरोघर घड्याळे मागे घेत मी सयाजीरावांकडे आलो. पद्माबाईची परीक्षा तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात होती. सोप्यातले घड्याळ तासभर थांबवून मागे घेतले, आणि इतक्या दिवसांनी त्या घरात दोन्ही घड्याळांचे ठोके एकदम पडले. पद्माबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या ध्यानात आले, माझ्याही आले. सयाजीरावांची जायची वेळ आता सासूबाईंच्या वेळेला येऊन भिडली होती. तास गेला. पुस्तक कोनाड्यात ठेवून ती घागर घेऊन नळावर गेली.

तिची पाठ वळली तशा साळूबाई म्हणाल्या, “तात्या, आता माजं घड्याळ तासभर मागं घ्या.”

“साळूबाई, तुमचं बरोबर आहे. आता सगळा देश तुमच्या घड्याळाला येऊन मिळाला.”

“मिळाला त्येच वंगाळ झालं.”

“मी चालतं घड्याळ चुकीचं लावत नाही.”

“मग पैलं बंद पाडा, आन् मंग लावा.”

मी त्यांना म्हटले, घड्याळाला कशाला छळता? सुनेला सरळ सांगा, मी तासाभराने जेवेन.

“सांगून ऐकंल व्हय? काटे वर गेलं की तवा ठेवती. म्या न्हाई म्हटलं तरी ठेवती. माज्याकडं न्हाई, काट्याकडं बगती ती.”

“आणि भूक?”

“मेंढरांमागं असताना ऊन कलल्याबिगर कवा खाल्लं हाय म्या?”

“मालकांनी लावलेलं आहे, असं तुम्हीच म्हणाला होता.”

त्यांनी घड्याळाखालची जागा मोकळी केली. मग म्हणाल्या, “त्यांचं मी बगती. तुमी शिडी लावा.”

आता कारागिराच्या दृष्टीने सांगतो. आज पाच मिनिटे मागे आणि उद्या सात मिनिटे पुढे जाते, ते घड्याळ खोटे. रोज नेमके तासभर मागे चालते ते शुद्ध. बघणाऱ्याला ते कशासाठी लावले आहे हे कळले म्हणजे झाले. शिवाय ठोक्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नसतात. लंबक धरून थांबवायचा आणि तास जाऊ द्यायचा. म्हणजे साळूबाईंनी सांगितलेली रीतच बरोबर निघाली. मी लंबक धरला आणि गुळाचा चहा घेत तासभर तिथेच बसलो.

पद्माबाई घागर घेऊन आली. “बंद पडलं का हो?”

“तेल घालत्यात,” साळूबाई म्हणाल्या.

पद्माबाईने एकदा या घड्याळाकडे पाहिले, एकदा त्या. घागर उतरवली. कोनाड्यातले पुस्तक घेतले आणि मागच्या दारात जाऊन बसली. परीक्षा होईपर्यंत साळूबाई रोज तासभर उशिरा जेवल्या.

काल सामानाची बांधाबांध चालली होती. घड्याळ उतरवायला मला बोलावले. मी लंबक काढून फडक्यात गुंडाळला आणि विचारले, सांगलीच्या भिंतीवर हे कोणत्या वेळेला लावायचे?

“शाळेच्या,” साळूबाई म्हणाल्या. “सकाळची भाकरी आता म्या थापनार. तिला उशीर नको.”

पद्माबाई वळकटी बांधत होती. “आत्या, तुम्हाला चुलीपुढं बसवत नाही आताशा.”

“त्ये बसल्यावर बगू. तू दोरी आवळ.”

महिला मंडळाने माझ्यासारख्या दुकानदाराला व्यासपीठावर बोलावले, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मी ऋणी आहे. पद्माबाई, सयाजीराव आणि साळूबाई यांना सांगलीत सुख लाभो. त्यांच्या घरातली गोष्ट मी त्यांना न विचारता चार लोकांत मांडली. बोलण्यात कुठे अधिकउणे झाले असेल तर सभेने ते विसरून जावे, आणि त्या तिघांनी पोटात घालावे, एवढी विनंती करून मी आपली जागा घेतो.