डाक्टरच्या पुतळ्याखालचे दगड

(कासार आंबोली. मांडवाची मागची बाजू. पुढं माईकची चाचणी चालू.)

पिराजी : ...आता फायदा धर, जान्हवीताई. बापूसाहेबाला डाक्टरच्या ह्या पुतळ्यातनं काय मिळतं? पैलं, नाव. दुसरं, आमदाराच्या मांडीला मांडी. तिसरं, त्याच्या इकायच्या बंगल्यांच्या गेटाला सरळ सडक. आन् आमाला? बुंदी.

जान्हवी : पिराजीबाबा, आजच्या दिवशी तरी नको. बाबांना जाऊन वर्ष झालं. निदान बापूसाहेबांनी आठवण ठेवली.

पिराजी : ठिवली की. डाक्टरनं ज्याला जलमभर छळलं, त्यानंच ठिवली. तितंच माजं गनित आडतंय.

जान्हवी : बाबांनी कुठं छळलं? बापूसाहेब तर सांगतात, माझे पुढचे दात डॉक्टर ओव्हाळांनीच बसवले.

पिराजी : बसिवलं. पर कातकऱ्यांच्या सखूच्या मागं, रांगंत ठिवून. ह्याचा चुलता म्हनला, कातकऱ्यांची खुर्ची येगळी ठेवा. डाक्टर म्हनला, खुर्ची एकच हाय, तुमाला उभ्यानं दात काढायचा आसंल तर या. तवापसनं त्या घराचं तोंड वाकडं. दात सरळ, तोंड वाकडं.

जान्हवी : हे सांगितलं की लगेच बाबांची अमेरिका सुरू व्हायची.

पिराजी : मला सांगतीस व्हय? तोंडात कापूस, हिरडी बधिर, आन् वरनं ह्याची अमेरिका! भितीवर त्या काळ्या म्हाताऱ्या डाक्टरचा फोटू, ज्याच्या हाताखाली ह्यो तिकडं शिकला. तितं म्हनं गोऱ्यांच्या दवाखान्यात काळ्यांना आत घेत नव्हतं. मंग त्यांनी मोर्चं काढलं, आपलं दवाखानं काढलं, आपला इतिहास आपन लिवला. माज्या मनात यायचं, बाबा रं, आदी माजा दात तर काढ. पर बोलनार कसा? बोट त्याचं माज्या तोंडात.

जान्हवी : आणि शेवटी कबरींची गोष्ट.

पिराजी : व्हय. त्या म्हाताऱ्याच्या आज्याची कबर सडकंखाली गेली, कुनी इचारलं बी न्हाई. ती गोष्ट डाक्टरच्या डोक्यात बसली. म्हनून हितं कातकऱ्यांच्या मानसं पुरायच्या जाग्यावर त्याची राखन. सडकंसाठी मोजनीवालं आलं की दवाखान्याला कुलूप. दगडांमधी खुर्ची टाकून बसायचा. म्हनायचा, ज्याचा दात दुखतोय त्यानं हितं यावं. माजी दाढ तितंच उपटली, बापूसाहेबाच्या मोजनीवाल्यासमूर. लई वराडलो. मोजनीवाला पळाला.

जान्हवी : आई म्हणायची, घरापेक्षा जास्त वेळ ते त्या दगडांत बसतात. माणूस पुरला की डोक्याशी एक दगड. ना नाव, ना तारीख. बाबा म्हणायचे, ही यांची वही आहे, कुणी फाडायची नाही. आज मला आधी तिथं हार घालायचाय. कुठल्या बाजूला आली ती जागा? मांडवामुळं मला काही ओळखूच येईना.

पिराजी : ...सखू आली बघ. तिलाच इचार.

सखू : ताई! आलीस? कवापसनं वाट बघतिया. समदी वस्ती आलीया. आवडलं का तुला?

जान्हवी : काय, सखूमावशी?

सखू : जागा. आमी साफ केली. राणी, हनुमंत, लहान पोरं, समदी लागली. बापूसाहेब मजुरी देत हुता, न्हाई घेतली. डाक्टरच्या कामाची मजुरी कोन घेतंय?

जान्हवी : कुठली जागा साफ केली?

सखू : ही. तू उभी हाईस ती.

जान्हवी : मावशी... इथले दगड?

सखू : दिलं की.

जान्हवी : कुणाला दिले?

सखू : बापूसाहेबाला. त्यो म्हनला, डाक्टरच्या नावाचं घर हुनार. त्यात तुमचं दगड वळीनं लावू. कुनाचा कोन, त्ये खाली लिवू. डाक्टर हेच सांगायचा न्हवं? तुमचा इतिहास लोकांच्या डोळ्यासमूर पायजे. मंग आमी येकयेक दगड धुतला, हळद लावली. माज्या बारक्याचा दगड लई लहान, त्यो मी मांडीवर घिऊन टॅक्टरपतूर नेला.

जान्हवी : आणि ट्रॅक्टर कुठं गेला?

सखू : त्ये बापूसाहेबाला ठावं.

जान्हवी : पिराजीबाबा, तुम्ही खाली का बघताय?

पिराजी : मेंढरं घिऊन त्या आंगाला हुतो मी. टॅक्टर लांब गेलाच न्हाई. चौथऱ्याचा खड्डा खनला हुता, त्यात उलटा केला. वरनं काँक्रीट.

सखू : गप. तुजी चेष्टा कायम.

पिराजी : चेष्टाच आसती तर बरं झालं आसतं, सखू.

जान्हवी : थांबा, मी फोन लावते... हॅलो, बापूसाहेब? मी मागच्या बाजूला आहे. ते दगड चौथऱ्याखाली... भरावाला? अहो, ते भरावाचे दगड नव्हते! ...नाही, मी जागा विचारली नव्हती, पण म्हणून... मग ते दगडांचं दालन कधी? पुढच्या टप्प्यात? ...आमदार आले असतील, पण माझं ऐका... हॅलो? हॅलो?

पिराजी : ठिवला?

जान्हवी : म्हणतात, भावना समजतो, कार्यक्रमानंतर बसू.

पिराजी : ऐक, माईकवर तुजंच नाव घेत्यात. डाक्टरांची सुकन्या.

जान्हवी : मी जाणार नाही.

पिराजी : नगं जाऊ. तुजी शाल दुसऱ्या कुनाला घालतील. पर चौथरा हलनार हाय का? दगड काडायचं म्हनजे आदी वरचा डाक्टर फोडाय लागंल. घन मी आनतो. पैला घाव कोन घालनार? तू?

जान्हवी : बाबांवर घन?

पिराजी : सखू, तू?

सखू : नगं! डाक्टरला नगं हात लावू.

पिराजी : बघ. बापूसाहेब येडा न्हाई. जित्या डाक्टरला त्याला हितनं उठवता आलं न्हाई, म्हनून मेलेला आनून बसिवला. आता ह्याला कोन उठिवनार?

जान्हवी : मावशी, पण तुम्ही मला आधी विचारायचं तरी. एक फोन करायचा.

सखू : तूच बोललीस की.

जान्हवी : मी? कधी?

सखू : बापूसाहेबानं वस्तीत तुला फोन लावला, आवाज मोठा केला. समद्यांनी ऐकलं. तू म्हनलीस, बाबांसाठी जे लागंल त्ये करा, माजी काय बी हरकत न्हाई. तुजा आवाज डाक्टरवानीच हाय. म्हातारी मानसं रडली.

जान्हवी : मला वाटलं, ते फक्त बाबांचं नाव देण्याबद्दल विचारतायत.

सखू : पिराजी, तू बगत हुतास. माज्या बारक्याचा दगड कुटल्या आंगाला पडला? हार तितं ठिवते.

पिराजी : टॅक्टर उलटा केल्यावर कसं सांगू, सखू? समदं एकात एक गेलं.

जान्हवी : पिराजीबाबा, सकाळपासून हिशेब घालताय. आता संपवा.

पिराजी : काय संपवायचं त्यात? बापूसाहेबाला सडक. आमदाराला भाषन. डाक्टरला पुतळा, तुला शाल. बगून गप बसलो म्हनून मला पैल्या रांगंत खुर्ची.

जान्हवी : आणि ह्या सगळ्याची किंमत भरली कुणी?

सखू : आमी. कुनी वढून न्हाई नेलं, ताई, आमच्या हातानं दिलं. आमाला वाटलं, डाक्टर मागतोय.