गोडं पाणी

मंडळी, ऐका! आज प्रश्न अगदी सोपा. मिठाच्या उलट काय? — साखर! बघा, सगळे एका सुरात! बरं, आमटी खारट झाली, वर साखर घातली. खारटपणा गेला? कुठला जातोय! आमटी खारटही राहिली आणि गोडही झाली! मग हातून वाईट घडलं आणि माणसानं त्यावर गोडवा पेरला, तर ते वाईट जातं का?

शाळेत शिकवतात, मीठ दोन जिनसांचं. एक धातू — पाण्यात टाकला की पेट घेतो! दुसरा वायू — हुंगला की छाती जळते! आणि दोघं एकत्र आले की? आपण ताटात डावीकडे वाढतो! भाऊभाऊ असेच, म्हणा ना!

खाडीकाठच्या एका गावात असे दोन भाऊ होते. थोरला हिराजी, धाकटा लडकू. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आणि बांधाला उघाडी — म्हणजे लाकडी दार. ओहोटीला उघडायचं, शेतातलं पाणी बाहेर. भरतीला लावायचं. हे दार लडकूच्या ताब्यात. दाराला लागून शेत हिराजीचं.

दारापाशी जाळं लावलं की मासळी मिळते. एकदा हिराजी चार लोकांत म्हणाला, "आमच्या लडकूचं दाराकडे लक्ष नाही, जाळ्याकडे आहे!" लोक हसले. लडकूही हसला. पण ते हसू त्याच्या पोटात उतरलं नाही.

उधाणाची भरती आली. लडकूनं दार लावलं नाही! मनात म्हणाला, "थोडं पाणी जाईल, थोरल्याची जिरेल." अहो, समुद्राला थोडं कळतं का? लोंब्या धरलेलं भात बुडालं! पाणी ओसरल्यावर त्यानं दार गुपचूप लावून टाकलं. उन्हं पडली, जमीन मिठानं पांढरी झाली. हिराजी बांधावर येऊन बसला.

"लाटेच्या जोरानं दार उघडलं असेल रे."

"असेल," लडकू म्हणाला.

एवढंच! आणि मग सुरू झाला गोडवा. भावाच्या घरी गुळाची ढेप. सणाला करंज्या. पुतणीला खाऊ. हिराजी गावभर सांगे, "भाऊ असावा तर असा!" ते ऐकलं की लडकू आणखी एक ढेप पोचती करी! त्याची बायको बायमा, तिला सगळं ठाऊक. एक दिवस म्हणाली, "किती गूळ वाहणार? भावजींच्या शेतातली माती एकदा जिभेवर ठेवा की!"

लडकू गेला. चिमूटभर माती जिभेवर ठेवली. थुंकला. तोंड खारटच! तसाच भावाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दादा, दार लाटेनं उघडलं नाही. मी लावलंच नव्हतं."

हिराजी ओटीवरून उठून पुढे आला.

"का रे?"

"लोक हसले म्हणून."

"उद्यापासून गूळ आणू नकोस," हिराजी म्हणाला आणि आत गेला.

पाऊस लागला. लडकू कुदळ घेऊन भावाच्या शेतात उतरला. कडेनं बांध घातले, पावसाचं पाणी कोंडलं, मीठ त्यात विरघळू दिलं, ओहोटी लागताच दार उघडून सोडून दिलं. पुन्हा कोंडलं, पुन्हा सोडलं. स्वतःची लावणी मागं पडली. हिराजी ओटीवरून बघे. शब्द नाही! दुसरा पावसाळा गेला तसाच. लडकूनं शब्द मागितलाही नाही.

मग तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी हिराजी शेतात आला. वाकला. माती जिभेवर ठेवली.

"अजून खारट आहे."

लडकूची मान खाली गेली.

"त्या कोपऱ्यात जरा कमी असेल. रोप लावून बघू."

बघू म्हणाला, मंडळी! 'तू बघ' नाही म्हणाला! लडकू चिखलात मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्या वर्षी कोपऱ्यातलं भात तगलं. बाकीचं शेत? त्याला आणखी पावसाळे लागले.

खाडीकाठची माणसं पावसाच्या पाण्याला गोडं पाणी म्हणतात. त्यात साखरेचा एक कण नसतो! फक्त ते पुन्हा पुन्हा येतं, आणि जाताना मीठ घेऊन जातं.

आता मान डोलावणं पुरे! तुमच्यातल्या कुणीतरी कुणाच्या तरी शेतात खारं पाणी सोडलंय. मी नाव विचारत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्या घरी पेढ्यांचा पुडा जातोय ना दरवर्षी? यंदा नेऊ नका. रिकाम्या हातानं जा, खरं ते सांगा, आणि त्यानं दार लावलं तरी कामाला लागा. घ्या हरीचं नाव, आणि उठा!