बॅगेचा पुढचा खिसा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मागच्यांनो, पुढे सरका, आजची गोष्ट लांब बसून ऐकायची नाही! एकच विचारतो. दुसऱ्याचा जीव आपल्या हाती आला, तर कुलूप लावलं की आपलं काम संपलं का? माना डोलवू नका. आधी ऐका!

मिरजेकडे एक आधारगृह होतं. नवऱ्याचा मार खाऊन पळालेल्या बायकांना तिथे आसरा. चालवायच्या कुंदाताई. कोण बाई कुठे लपवलीय, सगळे पत्ते त्यांच्या लॅपटॉपात. त्यात एक पत्ता वैजयंताचा! नवरा जयसिंग, भुवईवर व्रण असलेला. त्यानं बायकोवर रॉकेल ओतलं होतं, मंडळी! काडी सर्दावलेली निघाली म्हणून बाई वाचली. "सापडलीस तर जित्ती ठेवत न्हाई" — हा त्याचा निरोप. दोन गावं बदलली बिचारीनं. तिसऱ्या गावात शिवणकाम करून लेकीला शाळेत घालत होती.

आता कुंदाताई काही गाफील नव्हत्या हो! लॅपटॉपात एक कुलूप असतं, कंपनीनंच आत घालून दिलेलं. ते चालू केलं की आतलं अक्षरन् अक्षर असं कालवून टाकतं, की चोराला काही म्हणजे काही वाचता येत नाही! ताईंनी ते चालू केलं. लॅपटॉपानं अठ्ठेचाळीस आकडे दिले आणि बजावलं, "पासवर्ड विसरलात तर या आकड्यांनी उघडेन. हे माझ्यापासून लांब ठेवा." ताईंनी कागदावर छापून घेतले. शहाणी बाई! (पेटीवाले, तुम्ही का खाली बघताय?)

आणि एके दिवशी भर दुपारी, एसटी स्टँडवर, तिकीट काढेपर्यंत बॅग गायब! चहावाला म्हणाला, "भुवईवर व्रण असलेला माणूस घेऊन गेला, ताई. तुमच्या मागंमागंच होता." जयसिंग! ताईंनी लगेच संगणक शिकवणाऱ्या गणफुले सरांना फोन लावला.

सर म्हणाले, "कुलूप चालू होतं ना? मग घाबरू नका. दहा जन्म घेतले तरी उघडणार नाही."

ताईंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात सरांनी विचारलं, "तो आकड्यांचा कागद कुठे आहे?"

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला!

"ताई? कागद कुठाय?"

"बॅगेत... पुढच्या खिशात. वेळेला चटकन सापडावा म्हणून."

अरे देवा! सापडला, मंडळी, चटकन सापडला — पण कुणाला?

ताईंनी वैजयंताला फोन केला. घाईत दोनदा चुकीचा लागला. "वैजयंता, आत्ताच्या आत्ता नीघ! लेकीला शाळेतून घे, घरी परत येऊ नकोस!" अंगावरच्या कपड्यानिशी बाई निघाली. मशीन राहिलं, गिऱ्हाइकांची कापडं राहिली. चार वाजता, ते आकडे टाकून पत्ता काढलेला जयसिंग त्या दारात उभा! लाथ घालून दार पाडलं त्यानं. चुलीवरचा भात अजून गरम होता. एवढंच अंतर, मंडळी! एका भाताचं!

पुढे पोलिसांनी धरला त्याला. ताई वैजयंताकडे गेल्या, ढसाढसा रडल्या, हात जोडले. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, कागद तुमचा हुता. पळायचं मला लागलं."

ऐकलंत? लॅपटॉप आपल्या शब्दाला जागला. चुकला तो माणूस! आता तुमचं सांगा. दवाखान्यात काम करता, शाळेत करता, लोकांची नावं, दुखणी, पत्ते तुमच्याकडे आहेत. तुमचा कागद कुठाय? लॅपटॉपाखाली चिकटवलाय? त्याच पिशवीत कोंबलाय?

नाम घ्या, पण घरी गेल्यावर प्रसाद तोंडात टाकायच्या आधी बॅगेचा पुढचा खिसा बघा. कुणाच्या तरी चुलीवर आत्ता भात शिजतोय.